चुरी मॅडमची कोरी जागा

आमच्या बिल्डिंगमध्ये चुरी मॅडमना लग्नाचा अल्बम दाखवायला कुणी धजत नसे. एकदा तळमजल्यावरच्या सावंतवहिनींनी मुलाच्या लग्नाचा अल्बम मोठ्या हौसेने त्यांच्यापुढे ठेवला. मॅडमनी चष्मा पुसला, पहिलं पान उघडलं, वर्तमानपत्राने अख्खा फोटो झाकला आणि उजव्या बाजूने तो कागद हळूहळू सरकवायला सुरुवात केली. आधी मांडवाचा खांब आला, मग एक मामा, मग मामांच्या हातातला न खाल्लेला पेढा. नवरानवरी येईपर्यंत चहा गार झाला. सावंतवहिनी कासावीस होऊन माझ्याकडे बघत होत्या. इतक्यात मॅडम म्हणाल्या, "हे मामा रुसलेत का हो?"

वहिनींचा चेहरा बघण्यासारखा झाला. मामा खरोखरच मानपानावरून रुसले होते, आणि ते घरात कळलं ते लग्नानंतर, त्यांनी येणं-जाणं बंद केल्यावर. फोटो मात्र पहिल्या दिवसापासून दिवाणखान्यात होता.

"हातभर बघायचं, मग पुढे जायचं," मॅडम म्हणायच्या. "सगळं एकदम बघणाऱ्याला काहीच दिसत नाही."

मी कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचणारी बाई. बँकेत जन्म गेला, समोरच्या माणसाचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी त्याला फॉर्म देत असे. मॅडमच्या या हातभर प्रकरणाने माझा जीव अगदी मेटाकुटीला यायचा. तरी रोज संध्याकाळी मी त्यांच्याच दारात असायची, कारण विरारच्या चंदनसारमध्ये आमच्या मजल्यावर त्यांच्याइतकं मजेशीर माणूस दुसरं नव्हतं.

डॉ. कुमुद चुरी मुंबईच्या एका कॉलेजात कलेचा इतिहास शिकवायच्या, आणि आयुष्यभर त्यांनी अभ्यास केला तो चिनी चित्रांचा. त्यातही मिंग घराण्याची सत्ता बुडाली आणि छिंग घराण्याची आली त्या धामधुमीतल्या चित्रांचा. "म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराज होते ना, साधारण तेव्हाची," असं त्या रिक्षावाल्यालासुद्धा सांगायच्या. चंदनसारमध्ये चिनी म्हटलं की लोकांना आठवते ती गाडीवरची चायनीज भेळ. वॉचमन नवीन आलेल्या कुरिअरवाल्याला सांगायचा, "वो चायनीजवाली मॅडम? तिसरा माला." एकदा कोपऱ्यावरच्या भेळवाल्याने आपल्या गाडीवर चिनी अक्षरं काढून घ्यायला त्यांना बोलावलं. त्या गेल्या, पदर खोचून उभ्या राहिल्या आणि ब्रशने चार मोठी अक्षरं काढून आल्या. अर्थ काय, असं मी विचारलं. "हात धुवून या," मॅडम म्हणाल्या.

ही अक्षरं त्या शिकल्या कशा, याचीही एक गोष्ट होती. तरुणपणी त्यांची दाढ दुखायला लागली आणि कुणीतरी त्यांना मुंबईतल्या एका म्हाताऱ्या चिनी दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. खुर्चीसमोरच्या भिंतीवर एक लांबट चित्र टांगलेलं होतं, त्यावर एका कोपऱ्यात अक्षरं. मॅडमचं तोंड बधिर झालेलं, बोलता येईना. त्या बोटाने एकेक अक्षर दाखवायच्या आणि डॉक्टर दाढेला चिमटा लावून अर्थ सांगायचे. पुढच्या शनिवारी त्या काहीही दुखत नसताना गेल्या. मग जातच राहिल्या. त्यांची आई म्हणे सगळ्या गावाला सांगायची, "हिचे दात संपतील, पन हिचं चिनी संपनार नाय."

आई बोलायची ती वसईच्या वाडीतली भाषा. चुरींची केळीची आणि पानवेलीची वाडी होती, मधे विहीर, विहिरीपाशी घर. मॅडम त्या वाडीबद्दल फार बोलत नसत. धाकटे भाऊ वसंतभाऊ वाडीच्या जागी उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्ये राहायचे. दर गणपतीला ते मॅडमना घ्यायला यायचे आणि दर गणपतीला मॅडमचे गुडघे नेमके त्याच दिवशी धरायचे. "बाय, तुझं गुडगं पंचांग बघून दुखतं," वसंतभाऊ म्हणायचे, नैवेद्याचा डबा ठेवायचे आणि जायचे. वसईत काही काम निघालं तरी मॅडम रिक्षावाल्याला दूरच्या रस्त्याने न्यायला लावायच्या, म्हणजे ती बिल्डिंग वाटेत येऊ नये.

त्यांच्या घरात शोकेस, टीव्ही असलं काही नव्हतं. होत्या पुस्तकांच्या भिंती आणि टेबलावर कागदाची एक जाड गुंडाळी. चीनमध्ये काही चित्रं अशी गुंडाळीची असतात, लांबच लांब. ती भिंतीवर लावायची नाहीत. टेबलावर ठेवून डाव्या हाताने उलगडत आणि उजव्या हाताने गुंडाळत जायचं, म्हणजे एका वेळी हातभरच समोर राहतं. मॅडमची सवय तिथून आली होती. चित्र संपलं की पुढे कोरा कागद जोडलेला असतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्याने ज्याने ते चित्र पाहिलं तो तिथे आपलं म्हणणं लिहून शिक्का मारतो. आधीच्याचं चुकलं असं वाटलं तरी खोडायचं नाही. आपण पुढे लिहायचं. कागद संपला तर नवा जोडायचा.

मॅडमनी हाच रिवाज घरात चालवला होता. येईल त्याने त्या गुंडाळीवर काहीतरी लिहिलंच पाहिजे. गॅस सिलिंडरवाल्याने लिहिलं होतं, "मॅडम चांगल्या आहेत पण दार उशिरा उघडतात." त्याखाली मॅडमचं उत्तर, "खरं आहे. गुडघे." आणि लाल शिक्का. मी पहिल्या दिवशी लिहिलं होतं, "या बाई जरा विचित्र आहेत." पुढे मैत्री झाल्यावर मला ते खोडायचं होतं, पण त्यांनी पेन काढून घेतलं. "खोडायचं नाही. मत बदललं असेल तर पुढे लिही." मी पुढे लिहिलं, "जरा नाही, चांगल्याच विचित्र आहेत." त्यावर त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

हसणं खूप होतं, पण एक दुखरी जागा होती. चिनी चित्रांवर आयुष्य घालवलेल्या या बाईंनी नोकरीच्या काळात अस्सल चित्र असं जवळजवळ पाहिलंच नव्हतं. कधी शिष्यवृत्ती हुकली, कधी कागदपत्रं अडकली, पुढे आईचं अंथरूण. त्यांचा सगळा संसार वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांमधल्या काळ्यापांढऱ्या फोटोंवर. तशाच एका पुस्तकातल्या गुंडाळीच्या चित्रावर त्यांनी एक निबंध लिहिला आणि त्या एका निबंधाने त्यांचं नाव झालं. परदेशातली मंडळी एकमेकांच्या पुस्तकांत त्याचा दाखला द्यायची.

त्या चित्रकाराला मॅडम "आमचे बुवा" म्हणायच्या, कारण राज्य बुडाल्यावर तो भिक्षू झाला होता. चित्रात डोंगर, नदी, होडी, पायवाट, आणि पायवाट जिथे पोचायला हवी तिथे काहीच नाही. हातभर कोरी जागा. पलीकडे पुन्हा झाडं. कोऱ्या जागेच्या काठाशी एक बारीकशी रेघ होती, तो मॅडमच्या मते झाडावरचा पक्षी. निबंधाचं म्हणणं असं की बुवांनी आपलं उद्‌ध्वस्त झालेलं गाव मुद्दाम काढलं नाही. गेलेलं घर काढता येत नाही, म्हणून त्यांनी त्याच्या जागी कोरा कागद ठेवला, आणि तो पक्षी त्या रिकामपणाकडे बघत बसला आहे. मला चित्रातलं ओ का ठो कळत नाही, पण मॅडम हे सांगायच्या तेव्हा मी हातातला चहा विसरायची.

हा निबंध त्यांनी लिहिला ते वर्ष वाडी गेली तेच, हे मला वसंतभाऊंकडून कळलं. मला कुठे धीर! मी लगेच विचारलं, "मॅडम, ही कोरी जागा तुमच्या वाडीचीच ना?"

त्या रागावलेल्या मी तेवढ्याच वेळी पाहिल्या. "शुभा, संशोधन वेगळं आणि रडगाणं वेगळं. मी पुरावा बघून लिहिलंय."

मग ते चित्रच जागं झालं. वर्षानुवर्षं ते कुणा श्रीमंताच्या घरात बंद होतं, ते आता परदेशातल्या एका संग्रहालयाकडे आलं आणि त्यांनी मॅडमना पत्र पाठवून बोलावलं. सगळा खर्च त्यांचा. सत्तरी ओलांडलेली ही बाई शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी तयारी करत होती. गुडघ्यांचं नावही नाही! इकडे त्यांची आवडती विद्यार्थिनी अनघा, आता स्वतः प्राध्यापक, मॅडमच्या गौरवग्रंथाच्या मागे लागली होती. ग्रंथाचं नाव ठरलं होतं 'कोरी जागा'. तो निबंध अग्रभागी आणि मॅडम परत आल्या की वसईत समारंभ.

मॅडम परत आल्या आणि दार लावून बसल्या. संध्याकाळी मी गेले तर म्हणाल्या, "आज नको." दुसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं, दगदगीने आजारी पडल्या. शेवटी मी आमटीचं भांडं घेऊन दार वाजवत उभीच राहिले. त्यांनी दार उघडलं, मला खुर्चीत बसवलं आणि उभ्या उभ्याच बोलायला लागल्या.

"मी टेबलापाशी बसले. त्यांच्या माणसाने चित्र उलगडलं, हातभर, हातभर. डोंगर आला, होडी आली. मग कोरी जागा आली, शुभा, आणि तिचा रंगच वेगळा होता. तो कागदच दुसरा होता. नंतर कुणीतरी जोडलेला."

"म्हणजे?"

"म्हणजे मधला तुकडा कुणीतरी कापून नेला. विकायला असेल, नाहीतर हौस म्हणून. भोक दिसू नये म्हणून तिथे साधा कागद चिकटवला. फोटोत दोन्ही कागद सारखेच राखाडी दिसतात, आणि पुस्तकात पान नेमकं तिथेच संपतं. आणि तो पक्षी..." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ज्या पक्ष्यावर मी दोन पानं लिहिली ना, तो छपराचा कोपरा आहे. कापताना राहून गेलेला. बुवांनी घर काढलं होतं गं."

मला त्यांची भयंकर दया आली. आयुष्यभर एका बाईने एक दार ठोठावलं आणि ते उघडल्यावर आत हे! मी म्हटलं, "मग आता?"

"आता अनघाला सांगायचं," मॅडम म्हणाल्या, आणि मग आमटी गरम करायला गेल्या.

अनघा रविवारी आली. मी उठून निघाले तर मॅडमनी मला बसवून ठेवलं. अनघाने सगळं ऐकून घेतलं. तिच्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली. "मॅडम, माझी पीएचडी या कोऱ्या जागेवर उभी आहे," ती म्हणाली. "माझं पुस्तक, माझं शिकवणं. ग्रंथ प्रेसमध्ये आहे. लोकांना बोलावणी गेलीत."

"म्हणून तर तुला सगळ्यांच्या आधी सांगतेय."

"संग्रहालयवाले जाहीर करणार आहेत का?"

"ते म्हणाले, तपासण्या पुऱ्या झाल्या की बघू. चार-पाच वर्षं तरी जातील."

"मग आपण का घाई करायची? समारंभ होऊ दे. नंतर एखादी टीप लिहा ना. कोण वाचतंय, मॅडम? मोजून वीस माणसं!"

खरं सांगते, मी मनातून अनघाच्या बाजूची होते. म्हातारपणी एकदा शाल-श्रीफळ मिळतंय, चार माणसं चांगलं बोलतायत, घेऊ दे ना बिचारीला. चिनी चित्राचं काय, ते चारशे वर्षं थांबलंय, अजून थोडं थांबेल. मी तसं म्हटलंही.

मॅडमनी टेबलावरची गुंडाळी पुढे ओढली आणि शेवटचा कोरा भाग उलगडला. "वीस असोत की दोन. माझ्यानंतर जो बघायला बसेल त्याला मी चुकीचा पक्षी दाखवून जाऊ? निबंध आहे तसाच छापायचा, अनघा. एक शब्द खोडायचा नाही. त्याच्यापुढे माझं पान जोडायचं. एवढी वर्षं हाच रिवाज शिकवला ना मी तुम्हाला?"

अनघाची अवस्था तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी झाली. ती रडली. मॅडमनी तिला थोपटलं नाही, समजावलं नाही, फक्त पोहे परत गरम करून आणले आणि ती खाईपर्यंत समोर बसून राहिल्या.

समारंभ वसईच्या एका हॉलमध्ये झाला. अध्यक्षांना कुणी काही सांगितलं नव्हतं, की सांगूनही त्यांनी ऐकलं नव्हतं, कोण जाणे. ते त्या कोऱ्या जागेला हरभऱ्याच्या झाडावर चढवत राहिले. मॅडम शाल पांघरून शांत बसल्या होत्या. मग त्या उठल्या, ग्रंथ उघडला आणि आपलं जोडलेलं पान वाचलं. कागद वेगळा होता, कोपरा छपराचा होता, पक्षी नव्हता, हे सगळं त्यांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. शेवटी वाचलं, "चित्रकाराने घर काढलं होतं. मला ते दिसलं नाही, कारण ते तिथे नसावं अशीच माझी इच्छा होती. माझं घर गेलं होतं आणि मला सोबत हवी होती."

कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं आणि मधेच थांबलं. अनघा आभार मानून न जेवताच निघून गेली. तिचा फोन बऱ्याच दिवसांनी आला. मॅडम तेव्हा दार लावून खूप वेळ बोलत होत्या, आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते पण चेहरा निवळला होता. पुढच्या वेळी अनघा आली ती आपल्या पुस्तकाला जोडायचं पान घेऊनच.

पण समारंभाच्या दिवशी अनघा गेली आणि व्यासपीठापाशी गर्दी पांगली, तेव्हा वसंतभाऊ पुढे आले. शिकलेल्या माणसांत ते एरवी मागच्या खुर्चीत बसत. ते म्हणाले, "बाय, तो कोपरा कौलांचा होता का गवताचा?"

"गवताचा."

"आपला पन पयला गवताचाच होता."

मॅडमनी अंगावरची शाल काढून हातावर घेतली. मग म्हणाल्या, "वसंत, उद्या येते मी तुझ्याकडे." वसंतभाऊंनी गुडघ्यांचा विषय काढला नाही.

मॅडम गेल्या त्याला आता एक पावसाळा उलटला. शेवटचं आजारपण मला आठवायचं नाही. मला त्या आठवतात समारंभाच्या दुसऱ्या दिवशीच्या, वसईला मी त्यांच्याबरोबर गेले होते तेव्हाच्या. या वेळी रिक्षा सरळ रस्त्याने गेली. बिल्डिंगखाली पार्किंग होतं, गुळगुळीत लाद्यांचं. एका बाजूला विहीर उरली होती, वर लोखंडी जाळी घातलेली. मॅडमनी विहिरीच्या कठड्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग पर्समधून खडू काढला, तो त्यांच्या पर्समध्ये कायम असे, आणि भावाच्या हातात दिला. "विहिरीपासून ओटी किती लांब होती?"

वसंतभाऊ वाकले आणि जमिनीवर रेघ मारत निघाले. भावाबहिणीचं लगेच जुंपलं.

"दार इथं होतं, बाय."

"नाही रे, तिकडे. विहीर दारातून दिसायची."

"मी सांगतो ना! त्या चौकटीला माझं कपाळ फुटायचं रोज. मला विचार."

"बरं, काढ तिथे," मॅडम म्हणाल्या. "आता माजघर. हळू काढ."

वॉचमन येऊन उभा राहिला. "अंकल, ये क्या कर रहे हो?" वसंतभाऊ मान वर न करता म्हणाले, "घर बांधतोय." ओटी झाली, माजघर झालं, चूल कुठे होती त्यावरून पुन्हा भांडण झालं. मी विहिरीपाशी उभी राहून बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला शेवटाची घाई नव्हती.

तेवढ्यात एक गाडी आत आली. एका तरुण मुलाने हॉर्न दिला, काच खाली करून म्हणाला, "आजी, जरा बाजूला होता का? ही माझी जागा आहे."

मॅडम खडूच्या रेघांच्या मधोमध, चुलीपाशी उभ्या होत्या. त्यांनी गाडीसमोर हात वर केला. "थांब बाळा, थोडंच. माझा भाऊ अजून दारात आहे, त्याला आत येऊ दे."

मुलाला काही कळलं नसावं, पण त्याने इंजिन बंद केलं. वसंतभाऊंनी विहिरीपाशी चपला काढल्या, ओटीवर पाय ठेवला, आणि दाराची रेघ ओलांडताना, वर नुसती पार्किंगची उंच स्लॅब असताना, कपाळ वाचवायला मान खाली घातली.